सीपीयू कूलर बसवताना हमखास विचारले जाणारे प्रश्न (ठाणे-नवी मुंबईच्या गरमीसकट)

पीसी स्वतः जोडणारे लोक कळव्यापासून खारघरपर्यंत सगळीकडे आहेत आणि बाकी सगळं जोडून झालं की गाडी अडते ती सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, गार ठेवणाऱ्या कूलरपाशी. परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. सुरुवातीला साधे आहेत, पुढे किचकट होत जातात. एका उत्तराचा भाग दुसऱ्यात असेल तर तिथला नंबर दिलाय, तिकडे जाऊन बघा.

१. प्रोसेसरच्या बॉक्समध्ये कूलर आलाय, तोच पुरेल का वेगळा घ्यायलाच लागतो?

इंटेलचा आय५ १२४००एफ, एएमडीचे रायझन ५६००, रायझन ७६०० असल्या प्रोसेसरवर ऑफिसचं काम, कोडिंग, मुलांचा अभ्यास आणि संध्याकाळी थोडं गेमिंग एवढंच असेल तर पुरतो, कंपनीने तो त्यासाठीच दिलेला असतो. पण १२४००एफवर ६५ वॅट लिहिलेलं असतं ते बेसचं, टर्बोमध्ये तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, आणि मे महिन्यात दुपारी बंद खोलीत व्हिडिओ रेंडरिंगला लावलं की स्टॉक कूलरचा (बॉक्समधून आलेल्या कूलरचा) फॅन पूर्ण स्पीडने ओरडायला लागतो. पीसी त्याने खराब होत नाही, आवाजाने तुम्ही वैतागता. माझं मत असं की आधी स्टॉक कूलर नीट बसवून एक उन्हाळा काढा, त्रास वाटला तर दोन-अडीच हजारांच्या आसपासचा सिंगल टॉवर (धातूच्या पातळ पत्र्यांचा, म्हणजे फिनचा, एक उभा मनोरा आणि त्याला फॅन असा कूलर) घ्या. नीट बसलेला स्वस्त कूलर हा वाकडा बसलेल्या महागड्या कूलरपेक्षा कधीही बरा, आणि खालचे निम्मे प्रश्न त्या नीट बसवण्याबद्दलच आहेत.

२. माझ्या बॉक्समध्ये कूलर निघालाच नाही, दुकानदाराने काढून घेतला का?

आधी मॉडेल बघा. इंटेलचे शेवटी के किंवा केएफ असलेले प्रोसेसर कूलरशिवायच येतात, एएमडीमध्ये ५७००एक्स, ७६००एक्स, ७८००एक्स३डी यांच्याबरोबरही येत नाही. इंटेलमध्ये नुसतं एफ असेल तर त्याचा अर्थ ग्राफिक्स नाही एवढाच, कूलर असतो.

दुसरी शक्यता म्हणजे तुम्हाला ट्रे प्रोसेसर मिळालाय. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात हे सर्रास विकले जातात, थोडे स्वस्त पडतात, बॉक्स नसतो, कूलर नसतो आणि इंटेलच्या ट्रे पीसची वॉरंटी कंपनीऐवजी विकणाऱ्याकडून घ्यावी लागते. घेण्यात चूक काही नाही पण पैसे देण्याआधी बॉक्स पीस आहे की ट्रे हे स्पष्ट विचारा आणि सीरियल नंबर टाकलेलं जीएसटी बिल घ्याच. दुकानदाराने न सांगता ट्रे पीस दिला असेल तर ते मात्र बरोबर नाही, बिल घेऊन परत जा आणि विचारा.

३. एअर कूलर घेऊ का लिक्विड?

आय५ किंवा रायझन ५, अगदी ७८००एक्स३डीसुद्धा, चांगल्या एअर कूलरवर आरामात चालतात. १४९००के सारखा २५३ वॅट खाणारा किंवा ७९५०एक्स सारखा २३० वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर असेल आणि तासन्‌तास फुल लोड असेल तर ३६० मिमीचं एआयओ (पंप, पाईप आणि रेडिएटर एकत्र जोडून येणारा लिक्विड कूलर) घ्यायला अर्थ आहे. एआयओमध्ये पंप असतो, तो कधीतरी जातो, आणि बहुतेक एआयओ उघडून रिपेअर करता येत नाहीत. एअर कूलरमध्ये बिघडण्यासारखा एकच भाग, फॅन, तो बदलला की काम झालं. लिक्विड घेतलं तरी शेवटी ती गरमी तुमच्याच खोलीत सोडली जाते, खोली ३५ डिग्री असेल तर लिक्विडसुद्धा ३५च्या खाली जाऊ शकत नाही.

४. कूलर माझ्या केसमध्ये (कॅबिनेटमध्ये) बसेल का हे घ्यायच्या आधी कसं कळणार?

केसच्या माहितीत सीपीयू कूलरची कमाल उंची मिमीमध्ये दिलेली असते, कूलरची उंची त्यापेक्षा कमी पाहिजे, बस. डीपकूल एके४०० आणि थर्मलराइट पीरलेस असॅसिन १२० एसई दोन्ही १५५ मिमी, एके६२० १६० मिमी, नॉक्टुआ एनएच-डी१५ १६५ मिमी. बऱ्याच छोट्या मायक्रो एटीएक्स केसमध्ये मर्यादा १६०च्या आतच असते त्यामुळे ५ मिमीनेसुद्धा केसची बाजूची काच लागत नाही असं होतं.

दुसरी अडचण रॅमची. टॉवर कूलरचा पुढचा फॅन रॅमच्या वर येतो, लाईटवाली उंच रॅम असेल तर फॅन वर सरकवावा लागतो, आणि तो जितका वर सरकला तितकी एकूण उंची वाढते. म्हणजे १५५चा कूलर प्रत्यक्षात १६५चा होऊ शकतो. हे कोणी धरत नाही आणि मग काच बंद होत नाही.

५. जुन्या पीसीचा कूलर चांगला आहे, नव्या मदरबोर्डावर चालेल का?

सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. इंटेलमध्ये ११५०, ११५१, १२०० या सगळ्या सॉकेटची कूलर बसवायची भोकं ७५ मिमी अंतरावर होती. २०२१ मध्ये १७०० आलं तेव्हा ती ७८ मिमी झाली आणि प्रोसेसरची उंचीही थोडी कमी झाली. त्यामुळे जुना ब्रॅकेट (कूलर बोर्डाला धरून ठेवणारा भाग) ओढूनताणून बसवला, किंवा भोकं मोठी करून बसवला, तरी दाब कमी पडतो आणि टेम्परेचर विचित्र येतं. कंपनीचं १७००वालं किट मिळतंय का बघा. नवीन १८५१ सॉकेटला १७००चंच अंतर आहे त्यामुळे तिथे अडत नाही.

एएमडीत एएम४ सॉकेटवरून एएम५ वर जाणं सोपं आहे पण एक अट आहे. जे कूलर बोर्डाबरोबर आलेलीच बॅकप्लेट (बोर्डाच्या मागची प्लेट) वापरतात ते चालतात. जे स्वतःची वेगळी बॅकप्लेट लावतात ते चालत नाहीत, कारण एएम५ मध्ये बॅकप्लेट सॉकेटबरोबर पक्की असते, काढता येत नाही.

६. बसवायला काय काय सामान लागतं?

प्लसवाला स्क्रूड्रायव्हर, शक्यतो लोहचुंबक असलेला आणि दांडा लांब असलेला कारण टॉवर कूलरच्या फिनमधून खाली पोचावं लागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जे ठाणे स्टेशनच्या आसपास मोबाईल रिपेअरला लागणारं सामान विकणाऱ्यांकडे सहज मिळतं. टिश्यू किंवा कॉफी फिल्टर. थर्मल पेस्ट, कूलरबरोबर आली नसेल तर. एवढंच.

७. बोर्ड आधी केसमध्ये बसवायचा का कूलर आधी?

एअर कूलर असेल तर कूलर आधी, बोर्ड टेबलावर त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून. मागून बॅकप्लेट हाताने धरता येते, पुश पिन (इंटेलच्या स्टॉक कूलरच्या दाबून बसवायच्या पिना, प्र. १०) नीट घुसल्या का ते बोर्ड उचलून बघता येतं, प्रकाशही भरपूर असतो. रॅम आणि एम.२ एसएसडी पण त्याच वेळी लावून टाका, नंतर कूलरखाली हात जात नाही.

फक्त कूलर खूप मोठा असेल तर वरच्या डाव्या कोपऱ्यातला ८ पिनचा सीपीयू पॉवर सॉकेट नंतर सापडत नाही. अशा वेळी टॉवर बसवा पण त्याचे फॅन काढून ठेवा, बोर्ड केसमध्ये घाला, पॉवर केबल लावा आणि मग फॅन क्लिपने अडकवा. एआयओ असेल तर उलटं, बॅकप्लेट आणि उभे स्क्रू आधी, बाकी सगळं बोर्ड आत गेल्यावर.

८. थर्मल पेस्ट नेमकी किती लावायची? कोणी म्हणतं ठिपका, कोणी म्हणतं एक्स, कोणी म्हणतं पसरून.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि लोक उगाच घाबरतात. पेस्टचं काम समजलं की भीती जाते. प्रोसेसरची वरची प्लेट आणि कूलरचा तळ दोन्ही डोळ्याला गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खड्डे असतात, त्यात हवा अडकते, आणि हवा तांब्याच्या तुलनेत हजारो पट कमी उष्णता पुढे नेते. पेस्ट ती हवा हाकलते. ती स्वतः तांब्याएवढी चांगली नाही, म्हणून थर पातळ पाहिजे, पण कोपरे कोरडे राहता कामा नयेत.

साध्या प्रोसेसरवर मधोमध तुरीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून जरा मोठा ठिपका पुरतो, कूलरचा दाबच तो पसरवतो. इंटेल १७०० आणि १८५१ प्रोसेसर लांबट आहेत, त्यांना आणि एएम५ला मधे एक मोठा आणि चार कोपऱ्यांजवळ चार बारीक ठिपके असं केलं तर कोपरे भरतात. एक्स काढलात तरी चालतं. स्पॅट्युलाने पसरलंत तरी चालतं, फक्त बुडबुडे राहू देऊ नका, आणि बोटाने पसरवू नका कारण बोटाचं तेल लागतं.

जास्त झाली तर काय? बाजूने बाहेर येते, दिसायला वाईट, बाकी साध्या पेस्टने काही बिघडत नाही. कमी झाली तर मात्र टेम्परेचर वाढतं. म्हणून शंका असेल तर किंचित जास्त लावा. एएम५ प्रोसेसरच्या वरच्या प्लेटला बाजूने खाचा आहेत, तिथे पेस्ट जाते आणि साफ करताना कंटाळा येतो, पण धोका नाही. लिक्विड मेटल हा पूर्ण वेगळा प्रकार आहे, त्यातून वीज वाहते आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला खातं. पहिल्या बिल्डला त्याच्या नादी लागू नका.

९. कूलरच्या तळाला आधीच राखाडी पेस्ट लावलेली आहे, वरून अजून लावू का?

नाही. ती कंपनीने बरोबर मापात लावलेली असते, तिला हात लावू नका आणि कूलर टेबलावर उपडा ठेवू नका. एकदा बसवून काढला तर मात्र ती गेली असं समजा, पूर्ण पुसून नवीन लावा. आणि ज्या कूलरला पेस्ट नसते त्याच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं, ते सोलून काढा. फिल्म तशीच ठेवून बसवलेले पीसी खरंच येतात.

१०. इंटेलच्या स्टॉक कूलरच्या पिना आत जातच नाहीत, एक लावली की दुसरी निघते.

चारही पिनांच्या डोक्यावर बाण असतो. बाणाच्या दिशेने फिरवलं की पिन सुटते. म्हणजे बसवायच्या आधी चारही डोकी बाणाच्या उलट दिशेने शेवटपर्यंत फिरवून, वर ओढून घ्या. मग कूलर सरळ खाली ठेवा, चारही पांढरी टोकं भोकात गेली ना ते आधी बघा, आणि समोरासमोरच्या तिरक्या दोन पिना दोन्ही अंगठ्यांनी एकदम दाबा, टक्क आवाज येतो. मग उरलेल्या दोन. शेजारशेजारच्या दोन आधी दाबल्या तर कूलर तिरका उचलला जातो आणि तुमची जी तक्रार आहे तेच होतं.

झाल्यावर बोर्ड उचलून मागून बघा. प्रत्येक भोकातून पांढरे पाय फाकलेले आणि मधून काळी पिन आलेली दिसली पाहिजे. एका जरी ठिकाणी काळी पिन दिसत नसेल तर ती बसलेली नाही, वरून कितीही घट्ट वाटली तरी. बोर्ड दाबताना थोडा वाकतो, त्याला घाबरू नका, पण खाली खोका असू द्या म्हणजे बेताचाच वाकेल.

११. एएमडीच्या कूलरला क्लिप नाही, नुसते चार स्क्रू आहेत. बोर्डावरचे प्लास्टिकचे ब्रॅकेट काढले तर मागची प्लेटच पडली.

बरोबर चाललंय. रेथ स्टेल्थला स्क्रू असतात, त्याला ते दोन प्लास्टिक ब्रॅकेट काढावेच लागतात. रेथ प्रिझमला क्लिप असते, त्याला ब्रॅकेट ठेवावे लागतात. एएम४ बोर्डावर ब्रॅकेटचे स्क्रू काढले की बॅकप्लेट सुटून खाली येते, ती परत मागून लावा, चार नळ्या भोकातून वर आल्या पाहिजेत, आणि हाताने धरून ठेवा. बोर्ड खोक्यावर सपाट ठेवलात तर खोकाच तिला धरतो. एएम५ वर हा प्रश्नच येत नाही (प्र. ५ बघा). काढलेले ब्रॅकेट आणि त्यांचे स्क्रू बोर्डाच्या खोक्यात टाकून ठेवा, पुढचा कूलर त्यांच्यावरच बसणारा असू शकतो.

१२. स्क्रू किती आवळायचे? बोर्ड तुटेल अशी भीती वाटते.

आधी चारही स्क्रूंचे आटे नुसते पकडवा. मग एकाला दोन-तीन फेरे, मग त्याच्या तिरक्या समोरच्याला दोन-तीन फेरे, असं फिरत राहा. दोनच स्क्रू असलेल्या टॉवरला थोडं इकडे थोडं तिकडे. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलात तर पेस्ट एकीकडे ढकलली जाते आणि दुसरीकडे फट राहते. बहुतेक कूलरच्या स्क्रूला स्प्रिंग असते आणि आटे संपले की स्क्रू आपोआप थांबतो, तिथे तुम्हीही थांबा. त्यापुढे जोर लावून दाब वाढत नाही, आटे मात्र जातात. ड्रिल मशीनला बिट लावून आवळू नका, कृपा करून.

१३. फॅन कुठल्या दिशेला लावायचा?

फॅनच्या ज्या बाजूला प्लास्टिकच्या दांड्या आणि मधे स्टिकर असतो त्या बाजूने हवा बाहेर पडते. टॉवर कूलरमध्ये हवा रॅमच्या बाजूने येऊन केसच्या मागच्या फॅनकडे गेली पाहिजे. स्टॉक कूलरला विचार करायचं कारण नाही, तो खालीच फुंकतो.

१४. फॅनची केबल कुठे लावू? चालू केल्यावर "सीपीयू फॅन एरर, एफ१ दाबा" असं येतंय.

बोर्डावर प्रोसेसरच्या जवळ सीपीयू फॅन लिहिलेला ४ पिनचा हेडर (केबल लावायची जागा) असतो, तिथे. दोन फॅनचा कूलर असेल तर त्याच्याबरोबर वाय केबल येते, दोन्ही त्यातून त्याच हेडरला. तुमचा फॅन सिस्टीम फॅनच्या हेडरला लागला असेल तर तो फिरतो पण बोर्डाला वाटतं प्रोसेसरचा फॅनच नाही, म्हणून ती एरर. ३ पिनचा फॅन ४ पिनच्या हेडरवर चालतो, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) त्याचा मोड डीसी करा नाहीतर तो सतत फुल स्पीडवर राहील. एआयओचा पंप, पंपासाठी वेगळा हेडर असेल तर तिथे, आणि त्याचा स्पीड कायम पूर्ण ठेवा. केबल फॅनच्या पात्यात जाणार नाही अशी बांधा.

१५. एआयओचा रेडिएटर वर लावू का पुढे? पाईप वर का खाली?

जागा असेल तर वर. तत्त्व एकच: आतली हवा कालांतराने सगळ्यात उंच जागी जमते, ती उंच जागा पंप असता कामा नये. रेडिएटर वर असेल तर हवा रेडिएटरमध्ये राहते आणि पंपात कायम पाणी असतं. पुढे लावायचा असेल तर रेडिएटरचा वरचा टोक पंपापेक्षा उंच पाहिजे, पाईप खालच्या बाजूला ठेवलेत तर गुळगुळ आवाजही कमी. केसच्या तळाला रेडिएटर लावू नका, तिथे पंपच सगळ्यात उंच होतो.

१६. कूलर यायला दोन दिवस आहेत, कूलरशिवाय फक्त डिस्प्ले येतो का बघू?

नका. आजचे प्रोसेसर जास्त तापले की स्वतः बंद होतात त्यामुळे लगेच जळेल असं नाही, पण काही सेकंदांत तो शंभरीकडे जातो आणि त्यातून जी माहिती मिळेल ती दोन दिवसांनी तशीही मिळणार आहे.

१७. टेम्परेचर किती असलं तर नॉर्मल? यूट्यूबवर त्याच कूलरला ६५ दाखवतात, माझ्याकडे ७६.

रिव्ह्यू करणाऱ्यांची खोली साधारण २०-२५ डिग्रीची असते. तुमची ठाण्यातली खोली एप्रिल-मेमध्ये दुपारी ३५. कूलर फक्त खोलीपेक्षा किती वर राहायचं तेवढं ठरवतो, खोली १० डिग्रीने वाढली तर प्रोसेसरही जवळजवळ १० ने वाढणार. त्यामुळे आकडा बघताना खोलीचं टेम्परेचर वजा करून बघा. त्यांचं ६५ वजा २४ म्हणजे ४१, तुमचं ७६ वजा ३५ म्हणजे ४१. तुमचा कूलर अगदी बरोबर बसलाय.

ढोबळ मानाने सांगायचं तर काहीच करत नसताना ३५ ते ५०, गेम खेळताना ६० ते ८०, आणि सिनेबेंचसारख्या (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी चाचणी) फुल लोडला ८०च्या पुढे. बायोसमध्ये विंडोजपेक्षा जास्त दिसतं कारण तिथे वीज वाचवणाऱ्या सोयी चालू नसतात. मोजायला एचडब्ल्यूइन्फो वापरा, फुकट आहे.

१८. लोड दिला की दोन सेकंदांत १००. आता काय?

किती वेळात चढतंय त्यावरून कारण कळतं. क्षणात चढत असेल तर कूलर प्रोसेसरला टेकलेलाच नाहीये असं आधी धरा: फिल्म राहिलीये (प्र. ९), एक पिन सुटलीये (प्र. १०), चुकीचे स्पेसर (कूलर ठराविक उंचीवर धरणारे उभे तुकडे) लावलेत कारण किटमध्ये इंटेल आणि एएमडीचे वेगवेगळे असतात, किंवा एआयओचा पंप बंद आहे. कूलर काढून पेस्टचा ठसा बघा, खोटं बोलत नाही तो. पूर्ण पातळ पसरलेली असेल तर बसवणं बरोबर आहे. एका बाजूला जाड आणि कोरीच्या कोरी राहिलेली असेल तर तिकडचा दाब कमी पडतोय. परत साफ करून परत बसवा.

हळूहळू पाच-दहा मिनिटांत चढत असेल तर संपर्क ठीक आहे, कूलर लहान पडतोय किंवा केसमध्ये हवा खेळत नाहीये. बाजूची काच काढून बघा, ५-६ डिग्री उतरलं तर दोष केसचा. पुढची बाजू पूर्ण काचेने बंद असलेले केस दिसायला छान असतात पण आपल्या हवेत मी ते कोणालाच सुचवत नाही.

तिसरं कारण बोर्ड. बरेच इंटेल बोर्ड वीज मर्यादा आपणहून उठवून ठेवतात. बायोसमध्ये जाऊन इंटेलची मूळ मर्यादा लावा. १३व्या-१४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल तर बायोस नक्की अपडेट करा, २०२४ मध्ये त्यांच्यात जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर अस्थिर होण्याचा प्रश्न निघाला होता आणि त्याचा उपाय बायोस अपडेटमधून आला. तो कूलर बदलून सुटणारा प्रश्न नाही.

१९. रायझन ७६००एक्स ९५ला जाऊन तिथेच थांबतो. कूलर खराब?

बहुधा नाही. रायझन ७००० चे एक्सवाले प्रोसेसर फुल लोडला ९५ गाठेपर्यंत स्पीड वाढवत नेतात आणि मग तिथे सांभाळतात, एएमडीने तसंच बनवलंय. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ आहे. बघायचं ते हे की ९५ला असताना स्पीड किती मिळतोय. स्पीड बराच पडत असेल तर प्र. १८ कडे जा. नाहीतर बायोसमध्ये इको मोड लावा, १०५ वॅटचा प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गात येतो, टेम्परेचर धाडकन उतरतं आणि गेममध्ये फरक जाणवतच नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा फुकटचा उपाय नवीन कूलरच्या आधी करून बघावा.

२०. जुना कूलर काढताना प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून आला!

एएम४ आहे ना? त्यात प्रोसेसर फक्त पिनांनी धरलेला असतो आणि वाळलेली पेस्ट त्याहून घट्ट पकडते. आधी कूलर आडवा धरा, प्रोसेसर खाली पडू देऊ नका. सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. हेअर ड्रायरने कूलरचा तळ गरम करा आणि प्रोसेसर बाजूने धरून हळूहळू फिरवत सरकवा. मग पिना एकेका ओळीत डोळ्यासमोर धरून बघा, एखादी वाकली असेल तर शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलच्या टोकात घालून सावकाश सरळ करता येते.

पुढच्या वेळी काढायच्या आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं लोडवर चालवा, बंद करून प्लग काढा, आणि कूलर वर ओढण्याआधी डावी-उजवीकडे पिळा. एएम५ आणि इंटेलमध्ये प्रोसेसर चौकटीने दाबून धरलेला असतो, हा धोका नाही.

२१. पेस्ट सॉकेटच्या पिनांवर पडली.

पुसू नका! इंटेल आणि एएम५च्या सॉकेटमधल्या पिना केसापेक्षा नाजूक असतात आणि कापसाचा धागा अडकला की वाकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबथेंब टाका, अगदी मऊ ब्रशने पिनांच्या कलाच्या दिशेने हलकेच, मग पूर्ण वाळू द्या. थोडी साधी पेस्ट राहिली तरी ती वीज वाहून नेत नाही, बहुतेक वेळा पीसी चालतो. लिक्विड मेटल असेल तर पॉवर न देता चांगल्या बोर्ड रिपेअरवाल्याकडे न्या.

२२. १७०० सॉकेटसाठी कॉन्टॅक्ट फ्रेम घ्यावी का?

कॉन्टॅक्ट फ्रेम म्हणजे प्रोसेसर दाबून धरणाऱ्या मूळ पट्टीऐवजी लावायची चौकट. १७०० ची मूळ पट्टी लांबट प्रोसेसरला मधेच दोन बाजूंनी दाबते त्यामुळे तो किंचित वाकतो आणि कूलरचा तळ मधे कमी टेकतो. फ्रेम सगळ्या बाजूंनी सारखा दाब देते, काही डिग्रींचा फरक पडतो. पण सॉकेटची पट्टी बदलल्याने वॉरंटी जाऊ शकते असं इंटेलने सांगितलंय, शिवाय फ्रेम जास्त आवळली की पीसीला रॅम दिसेनाशी होते. आय५ वाल्यांनी सोडून द्या. के सिरीजचा आय७-आय९ रोज तापवणाऱ्यांनी विचार करावा.

२३. पेस्ट किती वर्षांनी बदलायची? घोडबंदर रोडला राहतो, धूळ खूप आहे.

पेस्ट दोन-तीन वर्षं किंवा जास्तही टिकते, तारीख बघून बदलू नका, टेम्परेचर बघून बदला. आत्ता नवीन असतानाच खोलीचं टेम्परेचर आणि फुल लोडचा आकडा लिहून ठेवा, पुढे त्याच परिस्थितीत ८-१० डिग्री जास्त दिसले की आधी धूळ काढा आणि तरी उतरलं नाही तर पेस्ट.

घोडबंदरला मेट्रोच्या आणि बिल्डिंगच्या कामामुळे, तुर्भे-महापेकडे एमआयडीसीमुळे, फिनमध्ये धुळीची चादर बसते आणि ती पेस्टच्या खूप आधी त्रास देते. तिथल्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी फिल्टर धुवा, ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, आणि केस जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा.

२४. पावसाळ्यात एवढा दमटपणा, एसीची गार हवा पीसीवर येते. कूलरवर पाणी धरेल का?

चालू असताना नाही. पाणी धरायला ती वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षा गार लागते आणि चालू पीसीचा कूलर खोलीपेक्षा कायम गरमच असतो, लिक्विड असला तरी (प्र. ३). एसीत गार झालेला बंद पीसी तसाच दमट हॉलमध्ये आणून लगेच चालू करू नका, अर्धा तास जाऊ द्या. एसीचं पाणी गळतंय त्याच्या खाली केस ठेवू नका हे वेगळं सांगायला नको.

२५. लॅमिंग्टन रोडला दुकानातच जोडून घेतला तर बरं का? आणि घरी आणताना?

हात चालत नसेल तर जरूर घ्या, पण समोर उभं राहून घ्या, पेस्ट लावताना आणि स्क्रू आवळताना बघा आणि निघायच्या आधी दहा मिनिटं लोड देऊन टेम्परेचर दाखवायला सांगा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी गर्दीत घाई होते, मधल्या वारी गेलात तर माणूस वेळ देतो.

आणताना खरी काळजी वजनाची आहे. एनएच-डी१५ सारखा ड्युअल टॉवर फॅनसकट १.३ किलोचा असतो आणि उभ्या केसमध्ये तो बोर्डाला आडवा लटकतो. ग्रँट रोडवरून दादरला बदलून ठाण्याच्या गर्दीत, किंवा खड्ड्यांतून रिक्षाने नेणार असाल तर केस आडवा ठेवा, काच वरच्या बाजूला, म्हणजे कूलर बोर्डावर उभा राहतो. कुरिअरने पाठवायचा असेल तर मोठा कूलर आणि ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं पॅक करा, पोचल्यावर नवीन पेस्ट लावून बसवा. घरी आल्यावर पहिल्यांदा चालू करायच्या आधी बाजूची काच उघडून कूलर हाताने अलगद हलवून बघा. हलला तर चालू करू नका, प्र. १२ प्रमाणे स्क्रू परत आवळून घ्या, आणि चांगलाच सैल झाला असेल तर काढून नवीन पेस्ट लावूनच बसवा.